लाल गाडीचा फेरनिकाल

दाजी, परवा तुमची गाडी मी पहिल्यांदा चालवली.

तुम्ही म्हणाल, "अवो पाव्हणं, मग दोन वरसं दर आयतवारी काय बैलगाडी हाकीत हुता व्हय?" म्हणाल, आणि स्वतःच्याच बोलण्यावर मांडी थोपटून हसाल. हसा. तरीही मी पहिल्यांदाच म्हणतोय, आणि ते का, हे सांगायलाच बसलोय. समोरासमोर बोलायचं मला कधी जमलं नाही. ताईचं लग्न झालं तेव्हापासून तुमच्याकडे जेवतोय, पण आमटीत मीठ कमी आहे एवढंसुद्धा मी तुमच्या घरात कधी बोललो नाही. तुम्ही मात्र पहिल्याच दिवाळीला सगळ्यांदेखत विचारलंत, "आमचं मेव्हणं मुकं हाय का?" तर मुका नव्हतो. भित्रा होतो. आज तेच सविस्तर सांगतो.

तुमचा बाग, तुमची विहीर, तुम्ही कुणाकुणाच्या पोरींची लग्नं जमवलीत, हे सगळं तेराव्याला बोलून झालं. माणसं चांगलं बोलली. गाडीबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही. एक जण बोलणार होता, पण साठीच्या माणसाची लालभडक गाडी हा विषय दुःखाच्या बैठकीत काढावा की नाही, अशा विचारात पडून त्यानं नुसतीच तंबाखू मळली. तेव्हा तो विषय माझ्याकडे.

आपल्या दोघांचं हे गाडीचं खातं फार जुनं. नात्यात कुणाला गाडी घ्यायची झाली की आधी आपल्याला बोलावणं. तुम्ही चालवायचं, मी बोलायचं. माझं सगळं ज्ञान मासिकांतलं आणि मोबाईलवरच्या व्हिडिओंतलं. मी मागच्या सीटवरून गंभीरपणे म्हणायचो, "अंडरस्टिअर आहे." घेणारा घाबरून तुमच्याकडे बघायचा. तुम्ही आरशातून मला डोळा मारून त्याला सांगायचा, "म्हंजी वळवली तरी नाकासमोर चालती. हट्टी बैलावानी." मग त्याला कळायचं. मलाही, खरं सांगतो, तेव्हाच कळायचं.

आणि तुमची ती चपला काढायची रीत. नगरच्या शोरूममध्ये तुम्ही स्वतःसाठी ही छोटी लाल टर्बो बघायला आलात, तेव्हा दाराशीच चपला काढल्या. विकणारा मुलगा बिचारा म्हणाला, "काका, असू द्या चपला, मॅट आहे."

"मॅटसाठी न्हाई काढल्या. ब्रेक कुठं धरतोय ते तळपायाला कळलं पायजे."

त्यानं तरीही मोठ्या, ऐसपैस गाडीकडे हात केला. "काका, तुमच्या वयाला ही आरामशीर पडेल."

"वय घरी ठिवून आलोय. लाल दावा."

ताई शेजारी उभी होती. तिनं एकदा गाडीकडे बघितलं, एकदा तुमच्याकडे. "ह्यात बसून निघालाय कुठं?"

"तुला घिऊन निघालोय."

"मी नाही बसत त्या मिरचीत."

तुम्ही गाडी पहिल्याच चौकात वळवलीत आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर हलके ठेवून माझ्याकडं न बघता म्हणालात, "पाव्हणं, कासरा धरल्यावर बैलाच्या मनात काय हाय ते हातात उतरलं पायजे. हिच्या मनातलं सगळं उतरतंय." मग सीटवर जरा हललात. "आन् बुडाला कळतंय. चांगली गाडी डोळ्यांनी वळखायची न्हाई, बुडानं वळखायची." मागं बसलेल्या त्या मुलानं हे त्याच्या साहेबाला सांगितलं असणार, कारण परत आल्यावर साहेब स्वतः चहा घेऊन आला.

आता पहिल्या रविवारकडे येतो. इथून माझं खरं सुरू होतं.

तुम्ही राहुरीहून केडगावला मला न्यायला आलात, आणि आपण डोंगरगणकडून वांबोरीचा घाट उतरलो. उतरलो म्हणजे तुम्ही उतरवलात. दाजी, तुम्ही वाईट चालवत नव्हता. हे मी त्या दिवशी म्हणालो नाही, आज म्हणतो. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात पाय स्थिर, वळण सुटलं की गाडी मोकळी. सगळं मासिकात लिहितात तसं. पण ते वाचणं वेगळं आणि डाव्या सीटवर बसून दरीकडे तोंड करणं वेगळं. दुसऱ्या वळणावर मी पाठ सीटला घट्ट लावली. तिसऱ्याला मी खिडकीवरची मूठ धरली. चौथ्याला माझ्या तोंडून आवाज निघाला. कसला, ते सांगत नाही.

तुम्ही लगेच गाडी कडेला घेतलीत. "काय झालं वो?"

नात्यातला गाडीचा जाणकार मी. घाटाला घाबरतो असं कसं सांगणार? मी कमरेवर हात ठेवला आणि म्हणालो, "काही नाही दाजी. मणका. डॉक्टर म्हणाले, सरकलाय."

असा तो मणका त्या वळणावर सरकला. त्याआधी तो जागच्या जागी होता, आणि आजही आहे.

तुमचा चेहरा एवढा पडला, की मला तेव्हाच खरं सांगून टाकावंसं वाटलं. सांगितलं नाही. उलट पुढच्या रविवारी मी मेडिकलमधून कमरेचा पट्टा आणला आणि शर्टाच्या वरून बांधला, दिसावा म्हणून. उन्हाळ्यात त्या पट्ट्याखाली घामोळं यायचं. ताईनं निर्गुडीचं तेल कढवून पाठवायला सुरुवात केली. दर महिन्याला बाटली. ते तेल माझी बायको सुनंदा गुडघ्याला लावायची. तिचे गुडघे सुधारले, आणि तुम्ही भेटेल त्याला सांगायचात, "पाव्हण्याच्या कमरंला निर्गुडी लागू पडली."

त्या रविवारनंतर तुम्ही घाटात सावकाश चालवू लागलात. मी मनात म्हटलं, चला, वयानं दाजींना गाठलं. एकदा तोंडानंही म्हटलं, "दाजी, हात थकले का?" तुम्ही नुसतं हूं म्हणालात.

आणि गाडीही बदलली. पहिल्या दिवशी शोरूमपाशी जी सुरीसारखी वळली होती, तिचं नाक आता जड झालं. घाटात उतरताना तुम्ही चालवायचा, वर येताना मी. माझ्या हातात स्टिअरिंग आलं की वाटायचं, लोण्यात पळी फिरवतोय. वळवलं की गाडी आधी विचार करायची, मग कलायची, मग वळायची. खड्ड्यांवर मात्र मऊ जायची. मी प्रामाणिकपणे निकाल दिला. एवढाच प्रामाणिकपणा माझ्याकडे शिल्लक होता, तर तो मी भरपूर वापरला. "दाजी, फसलात. नुसता रंग स्पोर्टी आहे. स्टिअरिंगमध्ये जीव नाही. बॉडी रोल बघा, वळणात केवढी कलते. ह्यापेक्षा ती आरामशीर गाडी बरी होती."

"आसं म्हनता?"

"म्हणतो."

"ऱ्हाऊ द्या मग. आपली गाडी, आपला बैल."

दोन वर्षं हा वाद चालला. घाटाच्या वरच्या टपरीवर चहा घेताना, वांबोरीत भजी खाताना, तुमच्या ओट्यावर. मी नावं ठेवायची आणि तुम्ही ऐकून घ्यायचं. माझ्याशी एरवी कशावरूनही भांडणारे तुम्ही, पाटाच्या पाळीवरून, क्रिकेटवरून, पिठल्यात लसूण किती यावरून, तुम्ही गाडीबद्दल मात्र गप्प. मला वाटायचं, तुम्हालाही पटलंय, कबूल करवत नाही एवढंच.

शेवटच्या रविवारी तुम्ही विचारलंत, "पाव्हणं, आज मार्क द्या. दहात किती?"

मी म्हटलं, "सहा. तेही तुमच्याकडे बघून."

"सहा बी लई झालं," म्हणालात, आणि बॉनेटवरून हात फिरवलात. पुढच्या रविवारी सकाळी तुम्ही यायचा होता. ताईचा फोन आला.

दाजी, दुसरा काही शब्द माझ्या वाट्याला यायला हवा होता. "सहा" हा काही माणसाला द्यायचा शेवटचा शब्द नव्हे.

तेरावा झाल्यावर ताईनं गाडी विकायचं ठरवलं. श्रीरामपूरच्या एका औषध दुकानदाराचा फोन आला होता, त्याला अशीच हवी होती. तो दोन दिवसांनी येणार, बघणार आणि घेऊन जाणार. ताई मला म्हणाली, "तू ये बाबा आधी. जरा चालवून बघ, पुसून ठेव. मला त्यातलं काही कळत नाही."

"घाई कशाला करतेस?" मी विचारलं.

"घाई कसली? तूच दोन वर्षं म्हणतोस ना, गाडीत जीव नाही. माझ्या दारात उभी राहून ती काय करणार?"

निकाल माझाच होता.

परवा सकाळी तुमच्या अंगणात आलो. गाडी शेवग्याखाली उभी, वर पांढरी फुलं पडलेली. मी पट्टा बांधूनच आलो होतो. सवय लागली की सुटत नाही. किल्ली घेतली, बसणार, तोच ताई ओट्यावरून म्हणाली, "आधी हवा भरून घे. कमी आहे चारही चाकांत."

"तुला कसं माहीत?"

"ह्यांनी शनिवारी संध्याकाळी सोडली होती ना. रविवारी तुझ्याकडे यायचं होतं." मग तिनं पदर नीट केला. "तुला सांगायचं नव्हतं. शपथ घातली होती मला. पण आता शपथ घालणाराच गेला."

आणि तिनं सांगितलं. दर शनिवारी संध्याकाळी तुम्ही चाकांपाशी उकिडवे बसून हवा सोडायचा. मापून, चारही चाकं सारखी. सोमवारी तो लायटरच्या भोकात लावायचा छोटा पंप काढून परत भरायचा. तिनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात म्हणे, "पाव्हण्याच्या कमरंला दनके बसत्यात. हवा कमी आसली का गाडी मऊ चालती. त्येला सांगू नको. लाजरं हाय, यायचं बंद हुईल."

"म्हटलं, अहो, पण मग तो गाडीला नावं ठेवतो त्याचं काय?" ताई म्हणाली. "तर म्हणाले, ठिवू दे की. गाडीला कुठं कळतंय."

मी गाडीच्या दाराला धरून उभा. दाजी, हवा कमी केली की टायरची कूस वाकते, स्टिअरिंग जड होतं, वळणात गाडी कलते, हे मासिकात पहिल्या धड्याला असतं. मी पन्नास वेळा वाचलंय. दोन वर्षं तुमच्या गाडीत बसून, तिच्यातले सगळे दोष अचूक ओळखून, मी एकदाही खाली वाकून चाकाकडे बघितलं नाही. जाणकार ना मी.

आणि तुम्ही! सगळ्या आयुष्यात एकच वस्तू स्वतःच्या हौसेनं घेतलीत, आणि दर रविवारी ती माझ्यासाठी लंगडी करून आणलीत. वर तिची निंदा ऐकलीत. हवेचं एक वाक्य बोलला असता तर वाद जिंकला असता. जिंकण्यासाठी तुम्ही लसणावरून तासभर भांडायचा.

"बरी आहे ना आता कंबर?" ताईनं विचारलं. "तेल काढून ठेवलंय, जाताना ने."

त्या बाटलीकडे बघितलं आणि मला राहवलं नाही. "ताई, माझ्या कमरेला काही झालेलं नाही."

"बरं झालं. निर्गुडीचा गुणच तसा."

"नाही ताई. कधीच झालेलं नव्हतं. घाटात भीती वाटायची. दाजी जोरात न्यायचे. सांगायची लाज वाटली, म्हणून कंबर सांगितली."

तिनं माझ्या कमरेकडे बोट केलं. "आणि हा पट्टा?"

"दुकानातून आणलाय."

"तेल?"

"सुनंदाच्या गुडघ्याला."

मला वाटलं, आता ही रडेल, किंवा मला हाकलून देईल. दोन्हीचा तिला अधिकार होता. ती ओट्याच्या कडेला बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. जवळ गेलो तर हसत होती. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "एकानं खोटी कंबर केली आणि एकानं खरी हवा सोडली. कसली रे माणसं तुम्ही! आणि मी चुलीपाशी बसून दोन वर्षं पाला कढवतेय!"

मग हसू थांबलं. "म्हणजे गाडी वाईट नाही?"

"माहीत नाही, ताई. मी ती अजून चालवलेलीच नाही."

"आणि मी ह्यांची आवडती गाडी तुझ्या सहा मार्कांवर विकायला निघाले होते." ती उठली. "हवा भर. मी येते."

"घाटात? तू?"

"त्या मिरचीत. होय."

तुमचा पंप डिकीत होता, फडक्यात नीट गुंडाळलेला. हवा भरली. दारावर लिहिलेलं माप बघून, तुमच्यासारखं चारही चाकं सारखी. पट्टा काढून मागच्या सीटवर टाकला आणि निघालो. आता नीट ऐका, कारण हा माझा खरा निकाल आहे, आणि पहिला रद्द.

वांबोरी सोडून चढ लागला, आणि पहिल्याच वळणाला मी सवयीनं स्टिअरिंग जास्त फिरवलं. गाडी कडेच्या दगडाकडेच निघाली. ताई ओरडली, मीही ओरडलो, आणि सावरली. दाजी, एवढंसं वळवलं की नाक आत! विचार नाही, कलणं नाही. दुसऱ्या वळणाला मनगट नुसतं झुकवलं, आणि ती रुळावर असल्यासारखी गेली. रस्त्यावर खडी कुठं सांडलीय, डांबर कुठं गुळगुळीत झालंय, सगळं हातात येत होतं. ब्रेकवर नुसता पाय टेकला तरी धरते. वळण सुटताना पाय दिला की मागून कुणीतरी पाठीवर थाप मारावी तसा तो टर्बो जागा होतो. तुमचं ते बुडाचं शास्त्रही खरं निघालं. मागची चाकं काय करतायत हे मला सीटमधून कळत होतं, आणि मी, पन्नाशी ओलांडलेला माणूस, एकटाच हसत होतो.

तोंडदेखलं कौतुक करणार नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. दणके बसतात. गतिरोधकावर माणूस सीटवरून उठतो आणि परत बसतो. खरी कंबर दुखणाऱ्यानं ह्या गाडीत बसू नये. आणि उभ्या चढाच्या वळणाला तुम्ही तिसरा गियर ठेवायचा, ते चूक आहे. टर्बो झोपतो तिथं. दुसराच पाहिजे. तुम्ही म्हणाल, "इंजिन वरडतं उगाच." वरडू दे. ह्या मुद्द्यावर मी मागे हटत नाही, आणि तुम्हाला उत्तर देता येत नाही म्हणून जिंकलोही समजत नाही.

मध्येच बघितलं, तर ताईनं खिडकीवरची मूठ धरलेली. बोटं पांढरी पडलेली. मी वेग कमी केला.

"भीती वाटते का गं?"

"वाटते तर," ती म्हणाली. "पण तू चालव."

दाजी, एवढंच बोलायचं होतं. ती घाटात पहिल्यांदा आली आणि सहज बोलून मोकळी झाली. मला दोन वर्षं, एक पट्टा आणि चोवीस बाटल्या तेल लागलं, तरी जमलं नाही. मी बोललो असतो तर तुम्ही काय केलं असतं? हसला असता, आठवडाभर गावाला सांगितलं असतं, आणि मग तुम्ही सावकाश नेलं असतं, भरल्या हवेनं. माझ्या मनातून हे जात नाही. तुमचे दोन वर्षांचे रविवार मी मऊ करून टाकले. माफी मागायला तुम्ही नाही, म्हणून ही गोष्ट जशी घडली तशी लिहून काढतोय, आणि ओट्यावर, टपरीवर, जिथं जिथं मी तुमच्या गाडीला नावं ठेवली तिथं जाऊन सांगणारही आहे. टपरीवाल्याला परवाच सांगितलं. तो म्हणाला, "आमाला ठावं हुतं, सायब. सोमवारी त्ये एकलेच यायचं की. काय पळवायचं! वर आले का च्या बी घ्यायचे न्हाईत, लगीच खाली, लगीच वर."

केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. तुमचे सोमवार तुमच्याकडे होते.

घाटाच्या माथ्यावर गाडी लावली. ताई उतरली, साडी झटकली, गाडीभोवती एक फेरी मारली. पायानं हलकेच एक चाक दाबून बघितलं, जसं काही तिला त्यातलं फार कळतं. "किती मार्क?"

"नऊ. एक दणक्यांचा कापला."

"आणि दर रविवारी तू मला नेणार?"

"नेईन. सावकाश नेऊ?"

"मी सांगितलं का तसं?" ती म्हणाली, आणि पिशवीतून मोबाईल काढून त्या श्रीरामपूरच्या माणसाला फोन लावला.

"हॅलो, मी राहुरीहून बोलतेय... हो, लाल गाडीचंच. तुम्ही उद्या येऊ नका, गाडी द्यायची नाही ठरलं... नाही हो, जास्त पैशांसाठी नाही... नाही, गाडीत काही बिघाड नाही. बिघाड आमच्या भावाच्या कमरेत होता." तिनं माझ्याकडे बघितलं. "आणि तोही नव्हता म्हणे."